झाडात पाणी वर कसं चढतं? गच्चीवरच्या बागवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मी कोथरूडला राहतो, चार मजली जुनी बिल्डिंग, गच्चीवर माझ्या साठेक कुंड्या आहेत, आणि कॉलेजात बॉटनी घेतलेली असल्यामुळे (पुढे आयुष्यभर बँकेत काउंटरवर बसलो तो भाग वेगळा) सोसायटीत कुणाचंही झाड सुकलं की बेल माझ्या दाराची वाजते. प्रश्न दरवर्षी तेच, मे महिन्यात एक लॉट आणि जुलैत दुसरा, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढू.

झाडाला ना मोटर ना हृदय, मग पाणी वर जातंच कसं?

पान ओढतं. एवढं डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, कारण आपल्या मनात चित्र उलटं असतं, की मुळं खालून ढकलतात आणि पाणी वर पोचतं. होतं काय, तर पानाला, बहुतेक करून खालच्या बाजूला, अगदी बारीक भोकं असतात, पर्णरंध्रं, त्यातून पाण्याची वाफ बाहेर जाते. वाफ गेली की पानाच्या आतल्या पेशींच्या भिंतीवर जो पाण्याचा ओलावा चिकटलेला असतो तो आणखी आत खेचला जातो, तो मागच्या पाण्याला ओढतो, ते त्याच्या मागच्याला, असं करत करत ही ओढ खोडातून थेट मुळाच्या टोकापर्यंत पोचते. पाण्याचे कण एकमेकांना सोडत नाहीत, हीच सगळी गंमत. विहिरीतून पोहरा वर काढताना दोराचं एक टोक आपल्या हातात असतं ना, तसंच, फक्त इथे दोरही पाणीच आणि पोहऱ्यातही पाणीच.

आणि हे ज्या नळ्यांतून होतं त्या जलवाहिन्या म्हणजे मेलेल्या पेशी, आतून पोकळ, एकावर एक रचलेल्या. आपण ज्याला लाकूड म्हणतो ते बहुतेक सगळं म्हणजे जुन्या-नव्या जलवाहिन्याच. म्हणजे तुमचा सागवानी पाट एकेकाळची पाइपलाइन आहे! ओढ लावायची सगळी मेहनत उन्हाची, झाडाचा स्वतःचा खर्च त्यात जवळपास नाही. ही कल्पना डिक्सन आणि जोली या दोघांनी १८९४ साली डब्लिनमध्ये मांडली, तेव्हा बऱ्याच जणांना पटली नव्हती, आज पुस्तकांत हीच आहे.

आमच्या बिल्डिंगला मोटर खाली लागते, वरून ओढलं तर पाणी येत नाही. झाडाला वरून कसं काय जमतं?

हा प्रश्न दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांचा, आणि खरं सांगतो, मला आलेल्या प्रश्नांतला हा सगळ्यात भारी. वर पंप ठेवून खालचं पाणी ओढायला गेलं तर ते सुमारे १० मीटरच्या वर येतच नाही, म्हणजे तिसऱ्या मजल्यापाशी खेळ खल्लास. कारण तो पंप पाण्याला धरून ओढत नसतोच, तो फक्त नळीतली हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर चढवतो, हवेची ताकद तेवढीच.

झाडात हवेचा संबंधच नाही. जलवाहिनीत पाणी पहिल्यापासून काठोकाठ भरलेलं असतं, मध्ये बुडबुडा नाही, नळी केसाहून बारीक, भिंतीला पाणी चिकटून बसलेलं, त्यामुळे ते खरोखर ताणलं जातं, रबरासारखं म्हणा हवं तर. कॅलिफोर्नियात रेडवूडचं एक झाड ११५ मीटरच्या वर आहे, तिथेही पाणी असंच पोचतं. दर १० मीटर चढायला साधारण एक वातावरण, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा, जोर लागतो, वर नळीतल्या घर्षणाला साधारण तेवढाच आणखी. आपल्या गाडीच्या टायरमध्ये ३२-३३ पीएसआय हवा भरतो, कोरड्या दुपारी पानातला ताण २०० पीएसआयच्या वर सहज जाऊ शकतो आणि तोही उलट्या दिशेचा, ढकलणारा नाही तर खेचणारा. जोशीकाका हे ऐकून गच्चीवरच्या टाकीकडे बघत राहिले आणि म्हणाले, मग आपण उगाच वीजबिल भरतो की.

पण शाळेत तर केशाकर्षणामुळे पाणी चढतं असं शिकवलं होतं?

केशाकर्षण म्हणजे बारीक नळीत पाणी भिंतीला चिकटून आपोआप वर सरकतं ते. त्यानं थोडं चढतं, पण फार नाही. ०.१ मिलिमीटर व्यासाच्या नळीत केशाकर्षणानं पाणी जेमतेम ३० सेंटीमीटर चढतं. तुळशीला ठीक आहे, नारळाला काय होणार त्यानं.

नळ्या मेलेल्या म्हणताय, म्हणजे झाड मेलं तरी पाणी चढेल?

चढतं, आणि हे करून बघितलेलं आहे. जर्मनीत स्ट्रासबुर्गर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८९०च्या सुमारास वीस मीटरच्या वरचं एक ओकचं झाड बुंध्याशी कापून पिक्रिक आम्लात उभं केलं, हे असं विष की जाईल तिथल्या जिवंत पेशी मरतात. तरी ते विष चढत चढत शेंड्यापर्यंत गेलं, वाटेतल्या पेशी मेल्या तरी पाणी थांबलं नाही, थांबलं ते पानं मेल्यावर. मला तर हा सगळा विषय या एका प्रयोगात दिसतो.

आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांचं मत वेगळं होतं, खोडातल्या जिवंत पेशी स्पंदन करतात आणि पाणी टप्प्याटप्प्यानं वर ढकलतात असं त्यांनी १९२३ साली मांडलं. बोसांबद्दल मला प्रचंड आदर आहे, झाडाची वाढ मोजायला त्यांनी जी यंत्रं बनवली तसं काम त्या काळात क्वचितच कुणी केलं असेल, पण या एका मुद्द्यावर पुढचे प्रयोग त्यांच्या बाजूनं गेले नाहीत. हे सांगितलं की काही जणांना राग येतो. येऊ दे.

मग मुळं काय नुसती बसून असतात?

नाही हो. मुळाच्या टोकाजवळ मूलरोम असतात, कापसाच्या तंतूसारखे, पाणी आत येतं ते मुख्यतः तिथून. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घालून ठेवलं की दहा मिनिटांत वाटीत पाणी सुटतं बघा, कैरीच्या फोडींना मीठ लावलं की तेच, पाणी नेहमी खारट बाजूकडे पळतं, यालाच परासरण म्हणतात. मुळाच्या आतला रस बाहेरच्या मातीतल्या पाण्यापेक्षा जरा दाट असतो म्हणून पाणी आत येतं. आत आलेल्या पाण्याला पुढे एक नाका लागतो, मुळाच्या आत पेशींचं एक कडं असतं आणि त्यांच्या भिंतींना मेणचट पट्टी असते, तिला कॅस्परी पट्टी म्हणतात, त्यामुळे पाण्याला फटीफटीतून घुसता येत नाही, पेशीच्या आतूनच जावं लागतं, आणि कुठले क्षार आत घ्यायचे ते झाड तिथे ठरवतं.

आता उलटं बघा. मातीच खारट केली तर? हे मी स्वतः केलेलं आहे. बारा इंची कुंडीतला कढीपत्ता, चांगला कमरेएवढा, पानं जरा पिवळी दिसली म्हणून अर्धी मूठ युरिया टाकला आणि वर पाणी दिलं, चौथ्या दिवशी पानांच्या कडा चहासारख्या तपकिरी, आठवड्यात खराटा. कुंडीत पाणी होतं, झाड तहानेनं मेलं, काकडीसारखंच, फक्त इथे कोशिंबीर मुळांची झाली. असं झालं तर लगेच कुंडीला भरपूर साधं पाणी देऊन खालच्या भोकातून तीन-चार वेळा वाहून जाऊ द्या. मी त्या वेळी ते न करता आणखी खत घातलं होतं!

टँकरचं किंवा बोअरचं पाणी घालणाऱ्यांना मातीवर पांढरा थर दिसतो, तेही क्षारच, वरची इंचभर माती खरवडून टाकायची आणि पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवून धुऊन निघू द्यायची.

रोज पाणी घालते तरी झाड मान टाकतं, आणखी घालू का?

नको, आधी बोट घाला. दोन पेरं बोट मातीत खुपसा, ओलं लागलं तर पाणी बंद. मुळांना पाण्याबरोबर हवा पण लागते, माती सतत चिखल असली की मुळं गुदमरतात, मूलरोम मरतात, मग भोवती पाणी असूनही आत घेता येत नाही आणि झाड वरून अगदी तहानल्यासारखं दिसतं. मग आपण आणखी पाणी घालतो. पुण्यात गच्चीवर जुलैत झाडं मरतात ती यामुळेच, तीही मे महिन्यात जगलेली झाडं. कुंडीखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढून टाका आणि भोकं काडीनं मोकळी करा, बाकी काही नको.

मे महिन्यात दुपारी जास्वंद, मोगरा सगळेच माना टाकतात. दुपारी पाणी घालावं का?

एप्रिल-मेची पुण्यातली दुपार म्हणजे ३८-४० डिग्री आणि हवा कोरडी ठणठणीत, मुंबईसारखा घाम नाही येत, पण झाडाला ही कोरडी हवाच जास्त महागात पडते, कारण वाफ ओढणारी तीच. पानातून पाणी जातंय वेगानं आणि मुळं तेवढ्या वेगानं देऊ शकत नाहीयेत, मातीत पाणी असलं तरीसुद्धा. पेशी ढिल्या पडतात, पान लोंबतं. बाजारातून आणलेली मेथीची जुडी तासाभरात मऊ पडते आणि ओल्या फडक्यात गुंडाळली की परत उभी राहते, तेच. त्यात लोंबलेल्या पानावर ऊन तिरकं पडतं म्हणजे तेवढाच तापही कमी.

म्हणून दुपारी दोनला बघून निर्णय घ्यायचाच नाही. सकाळी साडेसहाला बघा. रात्री रंध्रं मिटलेली असतात, मुळं सावकाश भरपाई करतात, सकाळी झाड ताठ असेल तर दुपारचं नाटक विसरा. सकाळीही मान खाली असेल तर मग काहीतरी आहे, बोट घाला, कोरडं असेल तर पाणी द्या, ओलं असेल तर वरचा प्रश्न परत वाचा.

दुपारी पाण्याचे थेंब पानावर पडले की भिंगासारखं ऊन गोळा होऊन पान जळतं असं सगळे सांगतात, गुळगुळीत पानावर तसं होत नाही. पण दुपारी पाइप लावू नका ते दुसऱ्याच कारणानं: गच्चीवर पडून असलेल्या हिरव्या पाइपातलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं गरम असतं. ते आधी बादलीत जाऊ द्या. आमच्याकडे एकांनी तेच पाणी भर दुपारी तुळशीला घातलं होतं, संध्याकाळपर्यंत तुळस वाफवलेल्या पालकासारखी.

इतकं पाणी हवेत सोडून द्यायचंच होतं तर झाड घेतं कशाला?

झाड जेवढं पाणी घेतं त्यातलं ९७ टक्के किंवा त्याहून जास्त वाफ होऊन जातं, वाढीला उरतं ते अगदी किंचित. ऐकायला उधळपट्टी वाटते. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पर्णरंध्राचं दार उघडावंच लागतं आणि दार उघडलं की ओली हवा बाहेर पळते, दुकान उघडं ठेवून एसी लावल्यासारखं. दोन गोष्टी फुकट मिळतात, पान गार राहतं आणि मातीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात. दाराला दोन रक्षक पेशी असतात, त्यांच्यात पोटॅशियम शिरलं की मागोमाग पाणी शिरतं, त्या फुगून वाकतात आणि मध्ये फट पडते. मुळांना माती कोरडी लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक तयार होतं आणि दारं बंद.

इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचे एक पाद्री होते, त्यांनी सूर्यफुलाची कुंडी वरून शिशाच्या पत्र्यानं बंद केली आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ वजन केलं, दिवसाला सरासरी अर्ध्या किलोच्या थोडं वर पाणी पानांतून गेलं. हे १७२७ साली छापलं. किचनमधला वजनकाटा असेल तर तुम्हीही करू शकता, कुंडी प्लॅस्टिकनं बांधा, देठापाशी सुतळी, झालं. मुलांना सुट्टीत याच्यापेक्षा चांगला उद्योग नाही.

जेड, स्नेक प्लांट, पानफुटी यांना पाणी इतकं कमी का लागतं?

ते रंध्रं रात्री उघडतात, गारव्यात. कार्बन डायऑक्साइड रात्री साठवून दिवसा वापरतात. अननसही त्यातलाच. त्यामुळे ऑफिसातल्या टेबलावरच्या स्नेक प्लांटला रोज उरलेलं पाणी ओतू नका, प्लीज.

अळूच्या पानाच्या टोकाला सकाळी थेंब असतो, ते दव का?

आपण अळवावरचं पाणी म्हणतो ते वेगळं, ते बाहेरून पडलेलं, पानाच्या मेणचट पाठीवर पाऱ्यासारखं गडगडणारं. टोकाचा थेंब आतून आलेला असतो. मी वर म्हटलं मुळं ढकलत नाहीत, तर त्याला हा अपवाद: रात्री रंध्रं बंद, माती ओली, हवा दमट, अशा वेळी मुळं क्षार आत घेत राहतात, मागोमाग पाणी येतं, आत थोडा दाब तयार होतो आणि पानाच्या कडेच्या खास छिद्रांतून पाणी ठिबकतं. याला बिंदुस्राव म्हणतात. जुलैत पहाटे गच्चीवर जाऊन बघा, अळूच्या टोकाला थेंब फुगत जातो, पडतो, परत नवीन धरतो, मी एकदा चहा संपेपर्यंत मोजत बसलो होतो, बायको म्हणाली, अळूवड्यांचं काय ते सांगा. टोमॅटो आणि गवताच्या पातीवरही दिसतं. पण हा दाब फार थोडा, मोठ्या झाडाच्या शेंड्यापर्यंत पोचवण्याच्या लायकीचा नाही, आणि दिवसा पानं ओढायला लागली की तो नाहीसाच होतो.

मार्केट यार्डातून आणलेली गुलछडी दुसऱ्याच दिवशी का लोंबते?

दांडा कापला त्या क्षणी ताणलेलं पाणी आत पळतं आणि मागे हवा शिरते. बुडबुडा बसला की ती नळी गेली. घरी आल्यावर दांड्याचं टोक पाण्यात बुडवूनच इंचभर तिरकं कापा, हवेत नाही, आणि लगेच फुलदाणीत. पाणी रोज बदला, नाहीतर जंतूंचा बुळबुळीत थर नळ्यांची तोंडं बंद करतो.

रंगाचा प्रयोग करायचा असेल तर गुलछडीपेक्षा तेरडा घ्या. गौरीच्या वेळी मंडईत ढीग असतात, खोड इतकं पाणीदार की आरपार दिसल्यासारखं वाटतं, लाल शाईच्या पाण्यात उभं केलं की तास-दोन तासांत खोडातून लाल रेघा वर चढताना डोळ्यांनी दिसतात, आडवा काप घेतला की लाल ठिपक्यांचं कडं. सगळं खोड लाल होत नाही, फक्त त्या नळ्या, हे मुलांना मुद्दाम दाखवा. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, हा त्याहून कमी टिकतो.

गुटी कलम करताना साल गोल काढतो, मग वरची फांदी सुकत का नाही?

कारण पाणी सालीतून जात नाही, आतल्या लाकडातून जातं, त्याला आपण हात लावलेलाच नसतो. सालीत असतात रसवाहिन्या, त्या पानांनी बनवलेली साखर खाली नेतात. इंचभर साल काढली की साखर तिथे अडते, फांदीची वरची कड जरा फुगते, ओलं शेवाळ बांधलेलं असलं की तिथूनच मुळं फुटतात. माझ्या डाळिंबाला जूनमध्ये बांधलेली गुटी गणपतीच्या आसपास उघडली तर प्लॅस्टिकला आतून पांढरी मुळं चिकटलेली दिसली.

हेच जर मुख्य बुंध्याला झालं तर? पानं बरेच दिवस हिरवी राहतात, खाली मुळं उपाशी मरतात, मग एक दिवस सगळं झाड जातं. रस्त्याकडेच्या झाडांना दिव्यांच्या माळांची तार करकचून बांधून ठेवतात ना वर्षानुवर्षं, बुंधा जाड होतो आणि तार सालीत रुतते, ते बघून माझं डोकं फिरतं.

तहानलेली झाडं रडतात, असा मेसेज फिरतोय. खरं आहे?

रडत नाहीत, पण आवाज करतात हे खरं. पाण्याचा ताण फारच वाढला की जलवाहिनीत पाणी तुटतं आणि टक् असा आवाज होतो, आपल्या कानाला न ऐकू येणारा. २०२३ साली इस्राएलमधल्या संशोधकांनी पाणी न दिलेल्या टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांजवळ मायक्रोफोन लावून असे आवाज पकडले, तासाला काही डझन. मागचं कारण बहुधा हे बुडबुडेच. भावना वगैरे मेसेज पाठवणाऱ्याची.

तुटलेली नळी म्हणजे झाड गेलं असं नाही, नळ्यानळ्यांच्या मधल्या पडद्यांमुळे बुडबुडा शेजारी पसरत नाही, पाणी बाजूच्या नळीतून वळसा घालून जातं.

रीपॉटिंग केलं की झाड आठवडाभर रुसतं, का?

मूलरोम तुटतात, पानं मात्र तेवढीच. मातीचा गोळा न फोडता हलवा, संध्याकाळी करा, चार-पाच दिवस सावलीत ठेवा आणि निम्मी पानं छाटायची हिंमत ठेवा. ही हिंमत कुणी करत नाही.

दिवाळीत आठ दिवस गावाला जायचंय, कुंड्यांचं काय करू?

इथे केशाकर्षण कामाला येतं. जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडा, सिंथेटिक चालत नाही, पट्टी आधी पूर्ण भिजवा, एक टोक बादलीच्या तळाशी दगड बांधून आणि दुसरं कुंडीच्या मातीत तीन-चार इंच पुरून ठेवा. बादली विटांवर, कुंडीच्या मातीपेक्षा वर, आणि अगदी जवळ, कारण पट्टीतून पाणी बादलीच्या काठापर्यंत वीतभरच चढतं, पुढे उतारानं येतं. पाणी जसजसं खाली जाईल तशी चढण वाढते, म्हणून खोल बादलीपेक्षा पसरट टब बरा. कुंड्या एकमेकींना चिकटवून सावलीत ठेवा, एकट्या कुंडीपेक्षा घोळक्यात वाफ कमी जाते. जाण्याआधी दोन दिवस ट्रायल घ्या, मी पहिल्या वर्षी घेतली नव्हती, पट्टी जाड झाली आणि एका रात्रीत टब रिकामा, गच्चीवर तळं. आणि टबावर झाकण ठेवा, नाहीतर आल्यावर झाडं टवटवीत असतील पण डासांवरून सोसायटीची मीटिंग लागेल.